शाळेची इमारत : वारा, ऊब आणि पाणी

गावात शाळेच्या नव्या खोल्यांना मंजुरी मिळाली म्हणजे चर्चा होते ती बहुधा खोल्यांची संख्या, जागा, कंत्राटदार आणि कोनशिला या विषयांवर. खोलीत वारा कोणत्या बाजूने यावा, छपराची उष्णता कशी अडवावी, गच्चीवर पडणारे पावसाचे पाणी कोठे जावे, हे प्रश्न ‘पुढे बघू’ या सदरात जातात. इमारत उभी राहते, रंग लागतो, उद्घाटन होते. आणि मार्च महिना उजाडला की वर्ग खोलीतून उठून कडुनिंबाखाली जातो. पंख्याची मागणी होते. पंखे येतात, तर भारनियमन आड येते. मग कूलरचा विचार निघतो, आणि त्यासाठी पाणी कोठून आणावयाचे या प्रश्नावर तो थांबतो.

वास्तविक हवा, उष्णता आणि पाणी या तीन निरनिराळ्या सोयी नव्हेत. त्या इमारतीच्या आराखड्याचाच भाग आहेत, आणि त्यांचा बराचसा निर्णय पाया खणण्यापूर्वी, कागदावर, फुकट होऊ शकतो. पाया खणल्यानंतर त्याच निर्णयाला पैसे पडतात आणि काही वेळा तो घेताच येत नाही. मराठवाड्यातील एका साध्या चार खोल्यांच्या शाळेचे उदाहरण समोर ठेवून हा विषय येथे मांडला आहे. राज्याच्या इतर भागांत काय बदल करावे लागतील, त्याचा उल्लेख ओघात येईल.

माळवदाचा गारवा आणि माळवदाचे ओझे

मराठवाड्यातील जुन्या घरांना उन्हाळ्याची भीती नव्हती. दगडमातीच्या दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती, लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे ते माळवद असे. दुपारच्या उन्हाची धग एवढ्या जाडीतून आत पोहोचेपर्यंत रात्र होई, आणि रात्री माणसे माळवदावर उघड्यावर निजत. छपरातील धुराड्यातून वर चढलेली गरम हवा निघून जाई. विजेवाचून चालणारी ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

तिची दुसरी बाजू ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दिसली. गणेश विसर्जनानंतर निजलेल्या लातूर आणि धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यांतील गावांना किल्लारीच्या भूकंपाने गाठले आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील फार मोठा भाग आपल्याच घराच्या दगडमातीखाली गाडला गेला. कारण समजण्यास साधा हिशेब पुरे आहे. अर्धा मीटर जाडीच्या मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ८०० किलो भरते. म्हणजे तीन मीटर बाय चार मीटरच्या लहानशा खोलीवर जवळजवळ साडेनऊ टन माती. खालच्या भिंतींचे दगड नुसत्या मातीच्या गाऱ्यात बसविलेले, एकमेकांत न गुंतलेले. हादरा बसताच भिंती फुटल्या आणि वरचा भार खाली आला.

यानंतर लोकांनी काँक्रीटच्या स्लॅबचा आग्रह धरला, तो योग्यच होता. १२ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास असते, आणि जोते, लिंटेल व छप्पर या पातळ्यांवर सलग काँक्रीटचे पट्टे घातले की भिंती एकत्र बांधल्या जातात. मात्र हाच पातळ स्लॅब दुपारची उष्णता तीन-चार तासांत खाली सोडतो. सुरक्षितता मिळाली, गारवा गेला. जुने माळवद परत आणावे असे कोणी सुचविणार नाही. माळवदाचे ओझे टाळून त्याचा गुण कसा मिळवावा, हा आजचा प्रश्न आहे.

इमारतीचे तोंड

उत्तराचा पहिला भाग बिनखर्चाचा आहे. लातूरचे अक्षांश सुमारे साडेअठरा अंश. तेथे २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे असतो; २२ डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिणेकडे क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. यावरून असे दिसते की, दक्षिणेच्या भिंतीवर बेताच्या रुंदीचा छज्जा काढला तर उन्हाळ्यातील उंच ऊन अडते आणि हिवाळ्यातील तिरपे ऊन मात्र खिडकीतून आत येते. सकाळी गारठलेल्या मुलांना हेच ऊन हवे असते. पूर्व आणि पश्चिम या दिशांचे ऊन उन्हाळ्यातही तिरपेच असते; त्याला छज्जा दाद देत नाही.

म्हणून शाळेच्या खोल्यांची रांग पूर्व-पश्चिम लांबट असावी आणि मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिण भिंतींना असाव्यात. पश्चिमेची भिंत शक्यतो कोरी ठेवावी, किंवा त्या अंगाला भांडारखोली व जिना घ्यावा आणि बाहेर कडुनिंब वा करंज लावावा. रस्ता पश्चिमेस आहे म्हणून इमारतीचे तोंडही पश्चिमेस करण्याचा मोह सर्वत्र दिसतो. रस्त्यावरून शाळा भपकेदार दिसते खरी. पण तिसऱ्या प्रहरी आत बसलेल्या मुलांना त्या भपक्याचा काही उपयोग नसतो.

वाऱ्याला दोन वाटा

वर्गातील उकाड्याचे एक कारण वर्गातच बसलेले असते. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस जुन्या १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. मुलांचे प्रमाण कमी, तरी चाळीस मुलांचा वर्ग म्हणजे पाणी तापविण्याच्या दोन विजेच्या शेगड्या सतत पेटत्या ठेवल्यासारखेच आहे. ही उष्णता, श्वासाबरोबरची वाफ आणि कोंदट हवा बाहेर जावयास हवी.

वाऱ्याला आत येण्यास एक वाट पुरत नाही, बाहेर पडण्यास दुसरी लागते. एकाच भिंतीत चार खिडक्या असलेल्या खोलीपेक्षा समोरासमोरच्या भिंतींत दोन-दोन खिडक्या असलेल्या खोलीत वारा कितीतरी अधिक खेळतो. बाहेर पडण्याची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा थोडी मोठी असेल तर खोलीतील वाऱ्याचा वेग वाढतो. वारा पडलेल्या दिवशी दुसरे तत्त्व उपयोगी पडते. गरम हवा हलकी होऊन वर चढते. तिला छताजवळ झरोका मिळाला तर ती निघून जाते आणि तिच्या जागी खालच्या खिडकीतून थंड हवा येते. जुन्या वाड्याचा चौक हेच काम करी.

राष्ट्रीय इमारत संहितेने या उघड्या जागेचे प्रमाण दिले आहे. दारे वगळून खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्रफळ उष्ण व कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एकदशांश, आणि उष्ण व दमट हवामानात किमान एकषष्ठांश असावे. आठ मीटर बाय सहा मीटरच्या वर्गाला लातुरात ४.८ चौरस मीटर, तर रत्नागिरीत ८ चौरस मीटर उघडी जागा हवी. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सरकत्या तावदानांची खिडकी कितीही मोठी दिसली तरी एका वेळी निम्मीच उघडते, तेव्हा हिशेबात निम्मीच धरावी.

आता एक अशी गोष्ट, जी नकाशे करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. खिडकीची खालची कड जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर ठेवण्याची रीत आहे. टेबल-खुर्चीवर बसणाऱ्यांना ती सोयीची. परंतु जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत लहान वर्गांची मुले बस्करपट्टीवर, जमिनीवर बसतात. त्यांच्या डोक्यावरून वारा निघून जातो आणि त्याचा लाभ उभ्या असलेल्या गुरुजींना तेवढा मिळतो! लहान वर्गांच्या खोल्यांत खिडकी दोन फुटांवरून सुरू करावी आणि तिला गज बसवावेत. खर्चात म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

झरोक्यांचे भवितव्य हा वेगळाच विषय आहे. प्रस्तुत लेखकाने एका गावी पाहिलेल्या नव्या शाळेत छताजवळचे सर्व झरोके विटांनी बुजविलेले आढळले. विचारता कळले की, पारवे आत येऊन घाण करीत. तक्रार खरी होती; परंतु बारीक तारेच्या जाळीने जे काम झाले असते त्यासाठी खोलीचा श्वास कोंडला गेला. झरोक्याला पावसासाठी वर छज्जा आणि पाखरांसाठी जाळी, या दोन बाबी अंदाजपत्रकातच असाव्यात.

छप्पर

एकमजली इमारतीत उन्हाचा सर्वांत मोठा मारा छपरावर होतो. त्यावर स्वस्तात स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा. सिमेंटची काळवंडलेली गच्ची ऊन शोषून घेते. चुन्याचा ताजा पांढरा थर त्याचा बराच मोठा भाग परत फेकतो. चुना दर वर्षी उन्हाळ्यापूर्वी द्यावा लागतो, कारण धूळ आणि पाऊस त्याचा गुण घालवितात. अधिक टिकाऊ काम हवे असेल तर स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवितात. कोब्याचे वजन मात्र आराखड्यात आधीच धरलेले असावे. गच्चीवर नंतर मनास येईल तितका भार चढविणे हा माळवदाच्याच वाटेने परत जाण्याचा प्रकार होय.

केरळात दीर्घकाळ काम केलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी प्रचारात आणलेल्या दोन पद्धती येथे उपयुक्त ठरतात. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट पोलादी सळ्यांना धरून ठेवण्यापलीकडे फारसा भार पेलत नाही. म्हणून सळ्यांच्या चौकटींत मंगलोरी कौलांच्या जोड्या ठेवून त्यावर काँक्रीट ओततात. काँक्रीट वाचते, वजन घटते आणि दोन कौलांमधील पोकळीतील हवा उष्णता अडविते. दुसरी पद्धत विटा उभ्या कडेवर रचून भिंतीत पोकळी ठेवण्याची. तीत विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात. भूकंपप्रवण भागात या दोहोंसाठी अभियंत्याचे रेखन आणि कुशल गवंडी अनिवार्य आहेत. ऐकीव माहितीवर हे काम करू नये.

शाळा आणि वसतिगृह यांत एक भेद ध्यानात घ्यावा. जाड छपरातून उष्णता उशिरा खाली येते. शाळा पाच वाजता सुटते, तेव्हा हा उशीर तिच्या पथ्यावर पडतो. वसतिगृहात मात्र मुले नेमकी त्याच वेळी निजावयास येतात. म्हणून वसतिगृहाच्या खोल्यांना रात्री निर्धास्तपणे उघड्या ठेवता येतील अशा, गज आणि डासांची जाळी लावलेल्या खिडक्या असल्याच पाहिजेत. रात्रीची थंड हवा खेळू दिली तर भिंती व छप्पर निवतात आणि दुसऱ्या दिवशीची दुपार सुसह्य होते.

वाळ्याचे पडदे आणि कूलर विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगले काम देतात, कारण पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता वापरली जाते. कोकणच्या दमट हवेत वाफच कमी होते, तेथे वाऱ्याची झुळूक हाच उपाय. शिवाय कूलर पाणी पितो. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात हा विचार टाळता येत नाही. एका सोयीचा निर्णय दुसरीवर असा येऊन आदळतो.

आपल्या पूर्वजांनी पाण्याचा गारवा पाणी न दवडता वापरला होता, याचे उदाहरण छत्रपती संभाजीनगर येथील पाणचक्कीत आहे. डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी आणलेले पाणी तेथील मोठ्या हौदात पडते, आणि त्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत. ऐन उन्हाळ्यात ते दालन थंड असते.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ज्याला एवढे सूत्र ठाऊक आहे, त्याला शाळेचा हिशेब स्वतः करता येईल. किंबहुना पाचवी-सहावीच्या मुलांकडून तो करवून घ्यावा.

आपल्या उदाहरणातील शाळेचे छप्पर २०० चौरस मीटरचे, पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटर धरू. एकूण १,४०,००० लिटर. वाफ, गळती आणि पहिल्या पावसाचे सोडून द्यावयाचे पाणी वजा जाता ८० टक्के धरले तर १,१२,००० लिटर हाती येते. मुले आणि शिक्षक मिळून १२५ माणसे, पिण्यास माणशी २ लिटर, म्हणजे दिवसाला २५० लिटर. पावसाळा सरल्यापासून पुढील पावसाळ्यापर्यंत शाळेचे १५० दिवस धरले तर ३७,५०० लिटर लागतील. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल पाणी राहील अशी टाकी ४०,००० लिटरची होते. ती भरण्यास २५० मिलिमीटर पाऊस पुरतो. याचा अर्थ असा की, सरासरीच्या निम्माही पाऊस न झालेल्या वर्षीसुद्धा पिण्यापुरती टाकी भरू शकते.

स्वच्छतागृहाचे पाणी या टाकीतून भागणार नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. माणशी १० लिटर धरले तरी दिवसाला १,२५० लिटर लागतात आणि टाकी महिन्याभरात रिकामी होईल. त्यासाठी नळयोजना अथवा विहीर हवी, आणि टाकी भरल्यावर वाहून जाणारे पाणी गाळणखड्ड्यातून विंधनविहिरीच्या पुनर्भरणास द्यावे. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळेत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी आवश्यक ठरविले आहे. परंतु पाण्यावाचून स्वच्छतागृहाला कुलूप लागते, आणि ते कुलूप वयात येणाऱ्या मुलींना शाळेबाहेर काढते. चार खोल्यांच्या नकाशात पाण्याचा नळ कोठून जातो हा प्रश्न म्हणून केवळ नळकारागिराचा नाही.

टाकी जमिनीखाली बांधली तर पाणी थंड राहते. गच्चीवरची काळी टाकी मे महिन्यात हात पोळेल इतके पाणी देते. परंतु काळ्या कपाशीच्या जमिनीत एक अडचण आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. त्या ताणाने टाकीच्या भिंती तडकतात. तेव्हा काळी माती काढून मुरुमापर्यंत खणावे आणि टाकीभोवती मुरुमाचाच भराव करावा. शोषखड्ड्यालाही हेच लागू आहे, कारण काळ्या मातीत पाणी सहजासहजी जिरत नाही. शोषखड्डा आणि शौचालयाची टाकी पाण्याच्या टाकीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला असावी. हात धुण्याचे आणि भांडी विसळण्याचे पाणी परसबागेला द्यावे, म्हणजे शोषखड्ड्यावरचा भारही हलका होतो.

सरपणाऐवजी ऊन

महाराष्ट्रात इमारत तापविण्याची गरज बहुतेक ठिकाणी पडत नाही. दक्षिणेच्या खिडकीतील ऊन पुरते. पण सातपुड्याच्या पठारावरील किंवा नाशिक जिल्ह्यातील आश्रमशाळेत पौष महिन्यात पहाटे मुलांना थंड पाण्याने आंघोळ करावी लागते, तेव्हा मुले आंघोळ टाळतात आणि खरूज पसरते. येथे ऊब पाण्यातून द्यावयाची आहे.

पन्नास मुलींच्या वसतिगृहास रोज ६० अंशांचे ५०० लिटर पाणी मिळाले, तर तेवढेच थंड पाणी मिसळून प्रत्येकीला २० लिटर कोमट पाणी मिळते. विजेवर ते तापविण्यास रोज सुमारे २३ युनिट लागतील. बंबावर तापविल्यास, त्याची बरीचशी उष्णता धुराड्यातून निघून जाते हे ध्यानात घेता, ढोबळ हिशेबाने वीस किलो सरपण लागेल. सौर तापकाला यासाठी सुमारे १० चौरस मीटरच्या पट्ट्या दक्षिणेकडे तोंड करून बसवाव्या लागतात. त्यांचा कल स्थानिक अक्षांशापेक्षा दहा-पंधरा अंशांनी अधिक ठेवावा, कारण गरज हिवाळ्यात आहे. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते, पंप लागत नाही. अट एवढीच की, गरम पाण्याची टाकी पट्ट्यांच्या वर आणि थंड पाण्याची टाकी तिच्याही वर असावी. पाचशे लिटर पाणी म्हणजे अर्धा टन वजन. ते भिंतींच्या अथवा खांबांच्या माथ्यावर यावे, स्लॅबच्या मध्यावर नव्हे. पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार धरतात. अशा गावी आतल्या पाण्यापासून उष्णता वेगळ्या पाण्याला देणारा प्रकार घ्यावा.

मान्यतेपूर्वी

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे ठरावीक नकाशे असतात आणि ते असणे गैर नाही, कारण त्यांमुळे अंदाजपत्रक व तांत्रिक मान्यता लवकर होते. परंतु ठरावीक नकाशा जागेवर वळवून बसविता येतो, खिडकीची उंची बदलता येते, गच्चीचा उतार टाकीच्या दिशेने घेता येतो. हे सांगण्याची वेळ तांत्रिक मान्यतेपूर्वीची. शाखा अभियंता जागेची पाहणी करण्यास येतील त्या दिवशी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी जागेवर हजर राहावे, दुपारचे ऊन कोठून येते व वारा कोणत्या अंगाने वाहतो ते दाखवावे, आणि झालेले बदल लेखी नोंदवून घ्यावेत. गावातील वृद्धांइतकी वाऱ्याची माहिती कोणत्याही तक्त्यात मिळत नाही.

इमारत ताब्यात आल्यावर देखभालीचे काम उरते, आणि योजना फसतात त्या बहुधा येथेच. मे महिन्याच्या अखेरीस, मृगापूर्वी, गच्ची झाडून धुवावी, पन्हळी साफ कराव्यात आणि टाकीचा गाळ काढावा. टाकीचे मधे भिंत घालून दोन कप्पे केले असतील तर एक वापरात ठेवून दुसरा धुता येतो. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडणारी तोटी कोणी उघडावयाची आणि कोणी बंद करावयाची, ते नावानिशी ठरवावे. सुट्टीत शाळेला कुलूप असते आणि पहिला पाऊस कोणाची वाट पाहत नाही. टाकीच्या तोंडाला घट्ट झाकण आणि हवेच्या नळीला बारीक जाळी हवी, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. पाण्यात टी.सी.एल. पावडर योग्य प्रमाणात टाकून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओ.टी. चाचणी करून घ्यावी. पाण्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. ही तपासणी मुलांसमोर करावी आणि तारखेसह फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी.